एजंटभाऊ, गट नंबर लिहा

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे निघालं की आडूळपासून पाचोडपर्यंत जमिनीच्या जाहिराती लागतात आणि सगळ्या एकाच ठशाच्या. ‘हायवे टच’, ‘एनए प्रोसेसमध्ये’, ‘आज घ्या, उद्या दुप्पट’, ‘मोजकेच प्लॉट शिल्लक’. खाली दोन मोबाइल नंबर. गट नंबर नसतो. रेखांकन कुणी मंजूर केलं, कधी केलं, आदेशाचा क्रमांक काय, यातलं काहीही नसतं. हाच मजकूर रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि दिवाळी-पाडव्याला त्याच्याभोवती फुलं आणि पणत्या लागतात.

रोज नवं काय लिहायचं, गिऱ्हाईक वाचतच नाही, अशी एजंटांची तक्रार असते. वाचेल कसं? त्याला ज्याची धास्ती आहे त्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहीत नाही. रस्ता अडेल, विकणाऱ्याची बहीण कोर्टात जाईल, रजिस्ट्री होणार नाही, भिंतीला तडे जातील, उन्हाळ्यात टँकर बोलवावा लागेल, ही त्याची धास्ती. आणि नेमकं हेच सगळं तुम्हाला ठाऊक असतं. कोणता बांध कुणी कोरला, कोणत्या भावकीत दावा चालू आहे, कोणत्या शिवारातली बोअर मार्चमध्ये आटते, हे तलाठ्याच्या आधी तुमच्या कानावर येतं. ते लिहा. एका गटाच्या कागदांत वर्षभराचा मजकूर पडलेला आहे.

‘हायवे टच’पासूनच सुरुवात करा. हा शब्द पाचोडमध्ये सगळ्यात जास्त विकला जातो आणि त्याचा हिशेब सगळ्यात कमी सांगितला जातो. ग्रामीण भागात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा धरतात आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा. इमारत रेषेच्या आत बांधकाम करता येत नाही. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध असतात. आता गुंठ्याचं गणित करू. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चौकोनी धरला तर ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे साधारण दहा मीटर खोल. महामार्गासाठी संपादित झालेली जागा ६० मीटर रुंद धरली, तर तिची कड मध्यापासून ३० मीटरवर येते. तिथून इमारत रेषा उरते दहा मीटरवर. म्हणजे रस्त्याला अगदी चिकटून असलेला, सगळ्यात जास्त भावाचा एक गुंठ्याचा प्लॉट पूर्णच्या पूर्ण बांधकामबंदीच्या पट्ट्यात बसतो. माणूस आयुष्याची पुंजी देऊन जिथे दुकान काढायचं ठरवतो, तिथे पत्र्याचं शेडसुद्धा कायद्याने उभं राहत नाही.

पुन्हा महामार्गावर थेट उतरायचं तर प्राधिकरणाची परवानगी लागते. कुंपणात फाटक पाडलं म्हणजे रस्ता मिळाला असं होत नाही. जमीन चौपदरी रस्त्याला लागून आहे आणि जायचं मात्र मागच्या पाणंदीने, असे प्लॉट असतात. म्हणून एजंटाने लिहावं: या प्लॉटपासून महामार्गाचा मध्य किती मीटर? प्रवेशाची परवानगी कुणाच्या नावावर आहे? सेवा रस्ता आहे का? तीन प्रश्नांची खरी उत्तरं दिली की ‘टच’ हा शब्द लिहायची गरज पडत नाही.

मागच्या शिवारातल्या जमिनीला रस्त्याचा प्रश्न याहून कडू असतो. सातबाऱ्यावर रस्ता बहुतेक वेळा दिसत नाही. तो दिसला तर गावनकाशावर, नाहीतर लोकांच्या वहिवाटीत. बांधावरून रस्ता मिळवायचा तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज. चालू वहिवाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ आहे. दोन्ही वाटांवर तारखा पडतात आणि शेजाऱ्याशी वैर कायमचं होतं. शेजारच्या बांधवाल्याचा रस्त्याला होकार लेखी आहे की चहावरचा, हे एजंटाने आधी विचारावं आणि उत्तर मजकुरात छापावं.

आता तुकडेबंदी. यावर एजंटांनी सगळ्यात जास्त लिहायला हवं आणि सगळ्यात जास्त गप्प तेच आहेत. कायदा १९४७ चा. त्याखाली प्रत्येक भागासाठी प्रमाणभूत क्षेत्र ठरतं आणि त्याहून लहान तुकडा परवानगीशिवाय विकता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांच्या ग्रामीण भागासाठी हे क्षेत्र खाली आणून जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं केलं. एक-दोन गुंठे विकत घेणाऱ्याला याचा उपयोग शून्य. पण एजंटांनी त्यातून वाट काढली. अकरा गुंठे बागायत दाखवायची, अकरा माणसं गोळा करायची, सगळ्यांच्या नावाने एकच खरेदीखत करायचं. सातबाऱ्यावर नावं लागतात, पेढे वाटले जातात.

त्या सातबाऱ्यावर लागतं ते सामाईक नाव. कुणाचा गुंठा कोणता, हे सरकारी नकाशावर कुठेही नसतं. असतं ते चुन्याने मारलेल्या रेघांवर आणि एजंटाने वहीत काढलेल्या चित्रावर. अकरांपैकी एकाला घरासाठी कर्ज हवं झालं तर बँक स्वतंत्र हद्द मागते. एकाने विकायला काढलं तर घेणारा बाकी दहा सह्या मागतो. एक जण वारला की त्याचे चार वारस सातबाऱ्यावर येतात आणि अकराचे चौदा होतात. तोपर्यंत एजंट दुसऱ्या गावात नवं प्लॉटिंग टाकून बसलेला असतो. ही गोष्ट बेकायदा तुकड्याइतकीच माणसाला अडकवते आणि ती विकताना कुणी सांगत नाही, याचा मला राग आहे. ज्यांनी यात पैसे घातले ते वाळूजला पाळीत काम करणारे, शाळेत शिकवणारे, ऊसतोडीचं वर्ष संपवून उचलीतून वाचवलेले पैसे आणणारे लोक आहेत. त्यांच्याकडे दुसऱ्यांदा घालायला पैसे नसतात.

तुकडेबंदीत सरकारही सारखं बदलत आलं, हे खरं. २०१७ मध्ये जुने तुकडे नियमित करायला बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम ठरली, २०२४ मध्ये ती ५ टक्क्यांवर आली. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधिमंडळात एक गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांना दिलासा देण्याची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी ‘आता गुंठा खुला झाला’ असे मेसेज फिरले. नागरी आणि रहिवासी भागांसाठी दिलेला दिलासा शिवारातल्या शेताला आपोआप लागत नाही आणि जुने व्यवहार नियमित होणं म्हणजे नवे तुकडे पाडायला मोकळीक नव्हे. एजंटाने इथे एकच काम करावं. घोषणेचा व्हिडिओ पाठवू नये, राजपत्रातली अधिसूचना वाचावी आणि ती कोणत्या क्षेत्राला, कोणत्या तारखेपर्यंतच्या व्यवहारांना लागू आहे एवढं चार ओळींत लिहावं. एका मजकुरासाठी तेवढं पुष्कळ.

बॉन्डवरच्या, म्हणजे मुद्रांक कागदावर लिहून दिलेल्या, प्लॉटबद्दल थोडक्यात. नोटरीसमोर बॉन्डवर लिहिलं, साक्षीदारांनी सह्या केल्या, ताबा दिला, तरी मालकी बदलत नाही. स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. ऑक्टोबर २०२४ पासून बॉन्ड शंभराऐवजी पाचशेचा झाला, त्याने त्या कागदाची ताकद वाढलेली नाही. ‘रजिस्ट्री नंतर करून देतो’ असं जो एजंट म्हणतो, त्याने ती आज का होत नाही हे लेखी द्यावं.

पुढचा विषय एजंट पत्रकावर कधीच आणत नाहीत: विकणाऱ्याच्या बहिणी. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. महाराष्ट्राने अविवाहित मुलींसाठी हे १९९४ मध्येच केलं, देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून झालं. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं की, २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री तेवढ्या सुरक्षित. तरी आपल्याकडे सातबाऱ्यावर तीन भावांची नावं असतात आणि तिघांच्या सह्यांवर इसार घेतला जातो. बहिणींचं नाव निघालं की उत्तर येतं, ‘त्या काही मागत नाहीत.’ मागत नाहीत, कारण मागितलं तर माहेर तुटतं. हे त्या बाईला माहीत आहे, भावांना माहीत आहे आणि एजंटालाही माहीत आहे. नंतर तिच्या मुलांनी वकील गाठला की अडकतो तो प्लॉट घेणारा, ज्याचा या घराशी काही संबंध नव्हता.

इथे एजंटाला दोन माणसांचं भलं करता येतं. त्याने लिहावं: वंशावळ मागा, प्रत्येक बहिणीची सही खरेदीखतावर घ्या, आणि हक्कसोड झाली असेल तर ती नोंदणीकृत आहे का ते बघा. राखीच्या दिवशी ओवाळणी हातात ठेवून घेतलेल्या सहीला मी हक्कसोड मानत नाही. कायद्याने ती टिकेलही, पण बहिणीला तिच्या वाट्याची आजची किंमत कुणीतरी आधी सांगायला हवी. भाव कुणाला माहीत असतो? एजंटालाच. त्याने तो भावांइतक्याच मोकळेपणाने बहिणींनाही सांगावा.

सातबारा वाचायला शिकवणं हाही मोठा विषय. लोक नाव आणि क्षेत्र बघतात आणि कागद घडी करतात. खरा मजकूर ‘इतर हक्क’मध्ये असतो. सोसायटीचा बोजा तिथे असतो, बँकेचा असतो, कुळाची नोंद असते. सिंचन प्रकल्पांच्या लाभक्षेत्रात पुनर्वसनासाठी हस्तांतरणावर बंदी असल्याचा शेरा असू शकतो, आणि नाथसागर जलाशयाच्या कालव्यांवर जगणाऱ्या पैठण तालुक्यात तो शेरा डोळ्यांत तेल घालून शोधायला हवा. भूधारणा पद्धत ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. निजामाच्या काळापासून मराठवाड्यात इनामी जमिनी आहेत: मदतमाश, खिदमतमाश, देवस्थानच्या, वक्फच्या. त्यांचे नियम एकमेकांपासून वेगळे आहेत आणि पुण्या-मुंबईच्या एजंटाला ते सांगता येत नाहीत. पाचोडच्या एजंटाला येतात. शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते आणि त्यासाठी आपल्याकडे हैदराबाद कुळवहिवाट कायदा, १९५० लागतो, हेसुद्धा शहरातून येणाऱ्या गिऱ्हाइकाला इसाराच्या आधी कळायला हवं.

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो. फेरफाराची नोटीस आणि तिच्यावरची हरकत ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर फुकट दिसते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर जुने दस्त शोधता येतात. हे कसं करायचं हे जो एजंट मोबाइलच्या पडद्याची चित्रं टाकून दाखवेल, त्याच्याकडे लोक विश्वासाने येतील. गिऱ्हाईक शहाणं झालं तर धंदा बुडेल, अशी भीती काहींना वाटते. मला ती खोटी वाटते. ज्याने सातबारा वाचायला शिकवला त्याचाच नंबर लोक पाहुण्यांना देतात.

गावातल्या घरांचं निराळं आहे. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा दाखवून घर विकलं जातं. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या. कुणाच्या घराची झाली, कुणाची राहिली, हद्दीचा वाद कुठे आहे, हे गल्लीनिहाय सांगणारा मजकूर पाचोडमध्ये कुणीही वाचेल. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींना अकृषिक होण्याची सोपी वाट आहे. तिथे जमीन असलेल्या कितीतरी शेतकऱ्यांना हे ठाऊक नसतं आणि ते एकरी शेतीच्या भावात विकून मोकळे होतात. विकणाऱ्यालाही एजंट लागतो, हे एजंट विसरले आहेत. त्यांचा सगळा मजकूर घेणाऱ्याला उद्देशून असतो.

आणि माती. पाचोडचा मोसंबीचा बाजार लांबलांबच्या व्यापाऱ्यांना माहीत आहे. आंबिया बहाराला इथे गाड्या लागतात. २०१२-१३ च्या दुष्काळात या पट्ट्यातल्या मोसंबीच्या बागा जळाल्या, लोकांनी उभी झाडं तोडून सरपण केलं. जिथे बाग पाण्यावाचून गेली, तिथे प्लॉट पाडून चाळीस घरं बसवायची तर त्यांना पाणी कुठून येणार, हा प्रश्न पहिल्या पत्रकावर हवा. ६० मीटरच्या खाली बोअर घेण्यावर भूजल कायद्याने निर्बंध आहेत, म्हणजे ‘खोल मारू की’ हे उत्तर नव्हे. ग्रामपंचायतीची नळयोजना या गटापर्यंत येते का? मे महिन्यात शेजारच्या विहिरीला किती पाणी होतं? एजंटाने उन्हाळ्यात विहिरीचा फोटो काढून तारखेसह टाकावा. मला एवढ्या एका फोटोत अख्ख्या रंगीत पत्रकापेक्षा जास्त माहिती मिळेल.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर वरवर टाकलेला पाया घराला तडे पाडतो. मुरूम किती फुटांवर लागतो त्यावर पायाचा खर्च ठरतो. दोन सारख्या भावाच्या प्लॉटपैकी एकाला पाच फुटांवर मुरूम आणि दुसऱ्याला बारा फुटांवर, तर दुसरा प्लॉट महाग पडला. गावातल्या गवंड्याला विचारलं तर तो शिवारनिहाय सांगतो. त्याचं सांगणं एजंटाने उतरवून घ्यावं आणि गवंड्याचं नावही घालावं.

बिडकीनबद्दल बोलायलाच हवं. तिथल्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत टोयोटासारखी मोठी कंपनी येणार म्हटल्यापासून पैठण तालुक्यातल्या प्रत्येक गटाला बिडकीनचं शेपूट लावलं जातं. बिडकीन पैठण रस्त्यावर आहे, पाचोड बीड रस्त्यावर. मधलं अंतर कामगार रोज कापेल का, कोणत्या रस्त्याने, त्या रस्त्याची आज अवस्था काय, याचं उत्तर नसेल तर ‘बिडकीनजवळ’ लिहू नये.

बांधकाम आणि प्लॉटिंगच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं महारेरा हे प्राधिकरण २०१७ पासून आहे. नियोजन क्षेत्रातलं ५०० चौरस मीटरपेक्षा मोठं प्लॉटिंग नोंदवावं लागतं, आणि ५०० चौरस मीटर म्हणजे पाच गुंठेही नाहीत. नोंदणीकृत प्रकल्पातले प्लॉट विकणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी लागते. २०२३ पासून त्याला प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून अशा प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे. फ्लेक्सवर तो नसेल तर का नाही, हे एजंटाने स्वतः लिहावं: हे रेखांकन मंजूर झालेलं नाही म्हणून, की इथे शेतजमीनच विकली जाते आहे म्हणून, की हा भाग नियोजन क्षेत्रात येत नाही म्हणून. तिन्ही कारणांचे परिणाम वेगवेगळे आहेत.

एजंट हे का लिहीत नाहीत, याचं कारण मला त्यांच्या स्वभावात दिसत नाही. ते पैशाच्या पद्धतीत आहे. सौदा झाला तरच दलाली, नाहीतर पेट्रोलही खिशातून. चार दिवस कागद तपासून ‘ही जमीन घेऊ नका’ म्हणणाऱ्या एजंटाला पाचोडमध्ये एक रुपया मिळत नाही. मग तो तोंड उघडेल कशाला? म्हणून त्याच्यासाठी एक विषय सुचवतो: ‘या महिन्यात मी न विकलेल्या जमिनी’. मालकाचं नाव नको, गट नंबरही नको. फक्त कारण. एका बहिणीची सही नव्हती. रस्ता शेजाऱ्याच्या तोंडी होकारावर होता. वर्ग २ होती आणि परवानगी आणायला कुणी तयार नव्हतं. असा मजकूर दर महिन्याला टाका आणि त्याच्या खाली आपले दर छापा: सौदा झाला तर दलाली इतके टक्के, आणि सौदा होवो न होवो, कागद तपासून लेखी मत देण्याचे इतके रुपये. हे दुसरे पैसे गिऱ्हाइकांनीही घासाघीस न करता द्यायला हवेत. इसाराचे पाच लाख अडकवण्यापेक्षा तपासणीचे पाच हजार कितीतरी स्वस्त आहेत.